इंग्रजी शब्दयोगी अव्ययांचा नामाशीं अन्वय : एक परीक्षण

(१)

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यानें मध्यंतरीं एका इंग्रजी पत्राची नक्कल व तिचें पूर्वीं कोणीं तरी केलेलें मराठी भाषांतर, अशीं दोन्ही आम्हांस वाचावयास दिलीं. पत्र एका तटबंदीच्या कसब्याच्या वसुलासंबंधीं आहे. ‘द व्हिलेजेस विदाउट द वॉल्स’ यांवर अमुक आकार बसवावा, अशा अर्थाचें एक वाक्य त्यांत आलें आहे. भाषांतरकारानें या पदसमूहाचें मराठी ‘तटबंदी नसलेलीं गांवें’ असें केलें असून त्यावर एक लांबलचक टीप दिली आहे. तिचा आशय असा कीं, त्या परगण्यांतील कांहीं गांवांस तट होते, कांहींस नव्हते. ज्यांस तट होते त्यांनीं तो स्वखर्चानें बांधिल्यामुळें त्यांस या आकारांतून सूट मिळाली. सबब गांवगाड्याच्या संरक्षणव्यवस्थेचा हा एक नवाच पुरावा होय.

टीप मोठ्या परिश्रमानें लिहिलेली आहे. तींत दोष एवढाच कीं, जें ती सांगते त्यांतील कांहींएक मूळ पत्रांत नाहीं. मुळांत जें आहे तें इतकेंच, कीं कसब्याच्या तटाबाहेर जीं गांवें आहेत त्यांनीं आकार द्यावा. ‘विदाउट’ म्हणजे ‘वांचून’ हा अर्थ आज इतका रूढ झाला आहे कीं, ‘बाहेर’ हा त्याचा मूळचा व अधिक जुना अर्थ वाचणाऱ्याच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. शिवाय ‘वॉल्स’ या नामापूर्वीं ‘द’ हें दर्शक आहे. ‘व्हिलेजेस विदाउट वॉल्स’ असें असतें तर ‘तट नसलेलीं गांवें’ हा अर्थ सरळ लागला असता. ‘द वॉल्स’ म्हटल्याबरोबर तो पत्रांत आधीं उल्लेखिलेला, ठाऊक असलेला, कसब्याचा तट झाला. एका अव्ययाचा अर्थ चुकला, एका दर्शकाकडे दुर्लक्ष झालें, आणि एका परगण्यांत कधींहि नसलेले तट उभे राहिले. आतां ते पाडण्यास दुसरा कोणी संशोधक किती वर्षांनीं येईल हें कोणीं सांगावें ?

गांवाचें किंवा भाषांतरकाराचें नांव आम्ही देत नाहीं. कारण हा एका व्यक्तीचा दोष नव्हे. भाषांतरकारास इंग्रजी चांगलें येत होतें, हें उरलेल्या भाषांतरावरून उघड दिसतें. चूक त्यानें शिकलेल्या व्याकरणाची आहे. आणि तेंच व्याकरण आम्ही शाळेंत तीसांहून अधिक वर्षें शिकविलें असल्यामुळें तिचा कांहीं भाग आमच्याहि खात्यावर जमा धरला पाहिजे. यास्तव, इंग्रजी वाक्यांत अव्ययें नामाशीं कशीं जोडलीं जातात, शाळेंतील व्याकरणानें त्याविषयीं काय शिकविलें, व त्यांतील ग्राह्य किती आणि त्याज्य किती, याचें येथें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. विषय भाषेचा असला तरी ज्यांच्या संग्रहीं इंग्रजी पत्रें व तहनामे आहेत त्यांच्या नित्य उपयोगाचा आहे.

(२)

‘प्रेपोझिशन’ ही संज्ञा इंग्रजीनें लॅटिनांतून घेतली व लॅटिन वैयाकरणांनीं ती ग्रीकांतील ‘प्रोथेसिस’ या संज्ञेवरून घडविली. दोहोंचा अर्थ ‘पुढें ठेवणें’, म्हणजे दुसऱ्या शब्दाच्या आधीं ठेवणें. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नांवावर असलेल्या ग्रीक व्याकरणांत ही संज्ञा समासांत आणि वाक्यांत, दोन्ही ठिकाणीं, इतर पदांच्या आधीं येणाऱ्या शब्दांस दिली आहे. अर्थात् धातूस लागणारा उपसर्ग आणि नामापूर्वीं येणारें अव्यय हीं दोन्ही तींत समाविष्ट होतात. ‘अ‍ॅडव्हर्ब’ या संज्ञेचा अर्थ ‘क्रियापदापाशीं असणारें’ असा आहे. दोन्ही नांवें शब्दाच्या जागेवरून पडलेलीं आहेत. त्याच्या संबंधावरून नव्हत.

ग्रीक व लॅटिन या भाषांत नामास विभक्तिप्रत्यय असत. म्हणून कोणतें अव्यय कोणत्या विभक्तीशीं येतें हें सांगण्यास तेथें वाव होता व प्रयोजनहि होतें. इंग्रजींत नामाच्या विभक्ति कालांतरानें लोपल्या; षष्ठीचा ‘स’ आणि सर्वनामांचीं ‘हिम’, ‘देम’ अशीं कांहीं रूपें तेवढीं उरलीं. तरीहि वैयाकरणांनीं लॅटिनाचा अंगरखा तसाच इंग्रजीस चढविला. मग जागेवरून नांव पडलेल्या शब्दाची जागा हाच वादाचा विषय व्हावा यांत नवल नाहीं. कवि ड्रायडन यानें इ. स. १६७२ मध्यें बेन जॉन्सनच्या लेखनावर असा आक्षेप घेतला कीं, त्याचीं वाक्यें प्रेपोझिशननें संपतात, आणि इ. स. १६६८ मधील स्वतःच्या नाट्यविषयक निबंधाची इ. स. १६८४ मध्यें दुसरी आवृत्ति काढतांना आपल्याच वाक्यांच्या शेवटचीं तसलीं अव्ययें त्यानें निवडून आधीं नेऊन बसविलीं. पुढें लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनीं इ. स. १७६२ च्या आपल्या व्याकरणांत अधिक समतोल मत दिलें. अशी रचना ही इंग्रजीची स्वाभाविक प्रवृत्ति असून ती संभाषणांत शोभते, गंभीर लेखनांत मात्र अव्यय आधीं ठेवणें अधिक डौलदार, असें ते म्हणतात. आणि ही प्रवृत्ति सांगणारें त्यांचें वाक्य स्वतःच प्रेपोझिशननें संपतें. लिंडले मरे यांनीं इ. स. १७९५ च्या आपल्या व्याकरणांत लाउथचें हें विधान घेतलें, पण तें वाक्य ‘शुद्ध’ करून घेतलें. लाउथच्या वाक्यांत कांहीं मिस्किलपणा असेल तर तो या शुद्धीकरणांत वाहून गेला, आणि मतांतील समतोलपणाहि मागून गेलेल्या शाळामास्तरांच्या हातीं नियम बनून राहिला.

आमचा आक्षेप या नियमाच्या खरेखोटेपणावर नाहीं. त्याचा निकाल इंग्रज लेखकांनीं तो न पाळून केव्हांच लाविला आहे. आक्षेप असा कीं, अव्यय वाक्यांत कोठें बसावें या चर्चेंत तें कोणाशीं जोडलेलें आहे हा खरा प्रश्न मागें पडला. आपल्याकडे दादोबा पांडुरंग यांच्या इ. स. १८३६ मधील व्याकरणापासून इंग्रजी धर्तीची शब्दांची वांटणी मराठींत रूढ झाली. परंतु ‘शब्दयोगी’ ही जी संज्ञा आपल्याकडे चालू झाली ती मूळ इंग्रजी संज्ञेपेक्षां सरस आहे, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. तींत ‘पुढें’ नाहीं, ‘मागें’ नाहीं. शब्दाशीं योग एवढेंच आहे. दुर्दैवानें आपण संज्ञा चांगली घेतली आणि इंग्रजी शिकवितांना तिचा अर्थ विसरलों.

(३)

आतां पाणिनीकडे वळूं. ‘प्र’, ‘परा’ इत्यादि २२ शब्दांचा जो गण परंपरेंत मानिला जातो, त्यांस पाणिनि एकदांच कायमचें एक नांव देऊन मोकळा होत नाहीं. क्रियेशीं योग असेल तेव्हां ते उपसर्ग (१.४.५९). त्यांपैकीं कांहीं, क्रियेशीं साक्षात् न जोडले जातां विशिष्ट अर्थानें नामाशीं संबंध दाखवितात तेव्हां ते कर्मप्रवचनीय (१.४.८३ पासून पुढें), आणि मग त्यांच्या योगानें नामास द्वितीया येते (२.३.८); कांहीं ठिकाणीं पंचमी किंवा सप्तमीहि येते. तोच शब्द नामाशीं एकजीव होऊन सबंध पद अव्यय बनलें म्हणजे तो अव्ययीभाव समास (२.१.५ पासून). ‘प्रति’ हा एकच शब्द घ्या. ‘प्रतिगच्छति’ यांत तो उपसर्ग, ‘गृहं प्रति’ यांत कर्मप्रवचनीय, ‘प्रतिगृहम्’ यांत अव्ययीभावाचा पूर्वपद. शब्द एक, योग तीन, संज्ञा तीन.

हीच कसोटी इंग्रजीस लावून पाहूं. ‘अप’ हा शब्द घेतला तर ‘अपहोल्ड’ यांत तो धातूस जडलेला आहे. ‘अप द हिल’ यांत तो नामाशीं योग पावतो. ‘अपहिल’ यांत नामाशीं एकजीव होऊन क्रियाविशेषण किंवा विशेषण बनतो. ‘ओव्हर’ याचेंहि असेंच : ‘ओव्हरटेक’, ‘ओव्हर द वॉल’, ‘ओव्हरलँड’. याशिवाय इंग्रजींत एक चौथी स्थिति आहे. ती म्हणजे धातूशीं अर्थानें जोडलेलें, पण वाक्यांत सुटें राहणारें अव्यय. वैदिक भाषेंत उपसर्ग धातूपासून दूर किंवा त्याच्या मागूनहि येत, व पाणिनीनें छंदांपुरती तशी मुभा नोंदविली आहे (१.४.८१-८२), तिची आठवण येथें व्हावी.

या चौथ्या स्थितींतच वाचकाची फसगत होते. ‘ही लुक्ट ओव्हर द वॉल’ आणि ‘ही लुक्ट ओव्हर द लेटर’ हीं वाक्यें बाहेरून सारखीं दिसतात. पहिल्यांत ‘ओव्हर’ चा योग नामाशीं आहे : त्यानें भिंतीवरून पाहिलें. दुसऱ्यांत तो धातूशीं आहे : त्यानें पत्र तपासून पाहिलें. परीक्षा सोपी आहे. अव्यय उचलून नामाच्या मागें ठेवून पाहावें. ‘लुक्ट द लेटर ओव्हर’ असें म्हणतां येतें आणि अर्थ बदलत नाहीं. ‘लुक्ट द वॉल ओव्हर’ म्हटलें तर भिंतीवरून पाहणें राहिलें बाजूला, गवंड्याप्रमाणें भिंत तपासणें असा अर्थ होतो. जेथें अव्यय असें हलतें तेथें तें उपसर्गस्थानीं समजावें. जेथें हलत नाहीं तेथें तें नामयोगी. किल्ला ‘मेक ओव्हर’ केला, ‘डिलिव्हर अप’ केला, वकिलास ‘पुट ऑफ’ केलें, असल्या प्रयोगांनीं इंग्रजी राजकीय पत्रें भरलेलीं आहेत. तेथें ‘ओव्हर’, ‘अप’, ‘ऑफ’ यांचा ‘वर’ किंवा ‘खालीं’ असा अर्थ शोधणाऱ्यानें किल्ला स्वाधीन केला आणि वकिलास टोलविला, हा साधा मजकूर हरवून बसावें असें होतें.

शब्दांच्या जाती जागेवरून न ठरवितां योगावरून ठरविण्याची ही दृष्टि पाश्चात्यांस अगदींच परकी राहिली असें नाहीं. डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन यांनीं इ. स. १९२४ मध्यें आपल्या व्याकरणमीमांसेच्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, एकच क्रियापद कर्मासह आलें अथवा कर्मावांचून आलें म्हणून आपण त्याच्या दोन जाती करीत नाहीं; मग ‘इन’ हा शब्द नामासह आला तर प्रेपोझिशन आणि एकटा आला तर अ‍ॅडव्हर्ब, असें तरी कां म्हणावें ? हडलस्टन आणि पुलम यांच्या इ. स. २००२ मधील केंब्रिजच्या बृहद्‌व्याकरणांत हेंच तत्त्व पत्करून, नाम सोबत नसतांहि अशा शब्दांस प्रेपोझिशनच म्हटलें आहे. मराठी वाचकास यांत नवीन कांहीं वाटूं नये. ‘तो खालीं बसला’ आणि ‘तो झाडाखालीं बसला’ यांतील ‘खालीं’ एकच आहे, हें आपल्याकडील अशिक्षित माणूसहि जाणतो; तें दोन निराळ्या रकान्यांत घालावयास शाळेंत जावें लागतें.

(४)

दुसरा प्रश्न क्रियाविशेषणाचा. शाळेंतील इंग्रजी व्याकरणाचा नियम असा कीं, क्रियाविशेषण हें क्रियापदास, विशेषणास किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणास विशेषित करतें. नामास करीत नाहीं. हा नियम आम्हीं स्वतः पाठ केला व शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतला. पण इंग्रजी ग्रंथांत पाहावें तों ‘द रूम अबव्ह’, ‘द हाउस अपोझिट’, ‘द जर्नी होम’, ‘द डे बिफोर’, ‘द देन गव्हर्नर’, ‘ओन्ली द मिनिस्टर’, ‘क्वाइट अ क्राउड’ असे प्रयोग पानोपानीं सांपडतात. यांतील प्रत्येक ठिकाणीं अव्यय नामाशीं, निदान नामप्रधान पदसमूहाशीं, सरळ जोडलेलें आहे. नियम मोडूं नये म्हणून कोणी ‘द रूम विच इज अबव्ह’ असा अध्याहार करतात. परंतु अध्याहार हें वैयाकरणाचें शेवटचें शस्त्र आहे. तें प्रत्येक पानावर उपसावें लागलें तर दोष पानांत नसून नियमांत आहे, असें समजलें पाहिजे.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें परीक्षेच्या उत्तरांत ‘द रूम अबव्ह’ यांतील ‘अबव्ह’ हें अव्यय ‘रूम’ या नामास विशेषित करतें, असें लिहिलें. आम्हीं तें तांबड्या शाईनें खोडलें आणि नियम शेजारीं लिहून दिला. मुलगा धीट होता. उत्तरपत्रिका हातीं पडल्यावर तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मग ‘वरची खोली’ यांतली ‘वरची’ कोणाची ?” हा इंग्रजीचा तास आहे, मराठीचा नव्हे, असें सांगून आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्याचा एक गुण गेला. तो मुलगा पुढें कोठें गेला तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु त्याचा प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला. या लेखाचें बीज त्या प्रश्नांत आहे, आणि तो गुण आतां येथें, फार उशिरां कां होईना, आम्ही परत करीत आहों.

(५)

कारण त्या मुलानें नकळत मराठीचा एक मोठा गुण दाखवून दिला होता. ‘खोली वर आहे’ आणि ‘वरची खोली’. ‘पुस्तक टेबलावर ठेव’ आणि ‘टेबलावरील पुस्तक’. अव्यय किंवा शब्दयोगी पद क्रियेशीं जोडावयाचें असेल तर मराठी तें तसेंच ठेवते. नामाशीं जोडावयाचें असेल तर त्यास ‘चा’, ‘ची’, ‘चें’ किंवा ‘ईल’ हा प्रत्यय लावते. संबंध कोणाशीं आहे हें शब्दावर शिक्का मारल्यासारखें दिसतें. संस्कृतांत हाच विवेक निराळ्या मार्गानें राखला आहे. कारकें सारीं क्रियेशीं अन्वित होतात. नामाचा नामाशीं संबंध सामान्यतः षष्ठी दाखविते आणि म्हणूनच षष्ठीची गणना कारकांत होत नाहीं. इंग्रजींत हा शिक्का नाहीं. ‘द बुक ऑन द टेबल’ यांतील ‘ऑन द टेबल’ आणि ‘पुट द बुक ऑन द टेबल’ यांतील ‘ऑन द टेबल’ यांत अक्षराचाहि फरक नाहीं. पहिलें नामाशीं जोडलें आहे, दुसरें क्रियेशीं; आणि हें वाचकानें अर्थावरून ओळखावयाचें.

हा केवळ वैयाकरणांचा वाद नव्हे. उदाहरणार्थ, ‘द एजंट रोट टु द मर्चंट्स अ‍ॅट बसीन’ असें वाक्य कागदांत आलें असें समजूं. याचे अर्थ दोन. ‘एजंटानें वसईतील व्यापाऱ्यांस लिहिलें’ हा एक. ‘एजंटानें वसईस असतां व्यापाऱ्यांस लिहिलें’ हा दुसरा. पहिल्या अर्थानें त्या दिवशीं एजंट वसईस नव्हता असेंच बहुधा ठरेल. दुसऱ्यानें तो तेथें होता हें सिद्ध होईल. शकावली लावणाऱ्यास हा फरक केवढा आहे हें सांगावयास नको. भाषांतरकारास मराठींत ‘वसईतील’ आणि ‘वसईस असतां’ यांपैकीं एक लिहावेंच लागतें. म्हणजे मूळ लेखकानें जो निर्णय उघड केला नाहीं तो भाषांतरकार करतो, आणि पुष्कळदां आपण निर्णय केला हें त्यास कळतहि नाहीं. भाषांतर वाचणाऱ्यास तर तो संशय मुळीं दिसतच नाहीं. आमचें मत असें कीं, असा संशय जेथें असेल तेथें भाषांतरकारानें टीपेंत दुसरा अन्वय दिलाच पाहिजे. गढ्यांच्या इतिहासावरील टीपेपेक्षां ही टीप लहान, पण अधिक उपकारक होईल.

एका ‘द’ नें अर्थ उलटा होतो असेंहि एक स्थळ आहे. ‘द ऑफिसर इन चार्ज ऑफ द प्रिझनर’ म्हणजे कैदी ज्याच्या ताब्यांत आहे तो अंमलदार. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ताब्यांत असलेला. त्याचप्रमाणें ‘इन पझेशन ऑफ’ हें धनी दाखवितें आणि ‘इन द पझेशन ऑफ’ हें धन दाखवितें : फौज किल्ल्याच्या ‘इन पझेशन’ असते, किल्ला फौजेच्या ‘इन द पझेशन’ असतो. नाम दर्शकावांचून अव्ययाशीं बांधलें गेलें म्हणजे त्याचें नामपण क्षीण होऊन सबंध पदसमूह एखाद्या विशेषणासारखा वागूं लागतो. दर्शक आलें म्हणजे नाम पुन्हा जागें होतें. ‘अ‍ॅट सी’ म्हणजे सफरीवर आणि ‘अ‍ॅट द सी’ म्हणजे समुद्राकांठीं, हा भेदहि याच जातीचा. मात्र हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, ‘चार्ज’ व ‘पझेशन’ यांच्या बाबतींत जुन्या लेखकांनीं हा भेद नेहमींच कसोशीनें पाळलेला नाहीं. म्हणून केवळ ‘द’ च्या अभावावरून किल्ला कोणाचा हें ठरवूं नये. संदर्भाची साक्ष काढावी.

(६)

अव्यय आणि नाम यांचा योग फार दिवस टिकला म्हणजे त्यांचा सांधा बुजतो. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अवे’ यांच्या आरंभींचा ‘अ’ हा मूळचा ‘ऑन’ आहे : निद्रेवर, जीवनावर, वाटेवर. ‘बिकॉज’ हें ‘बाय’ आणि ‘कॉज’ मिळून झालें. ‘बिसाइड’ म्हणजे बाजूस. ‘डाउन’ या शब्दाची कथा तर विशेष मनोरंजक आहे. जुन्या इंग्रजींत ‘डून’ म्हणजे टेकडी. ‘टेकडीवरून’ अशा अर्थाच्या जोडपदांतील अव्यय झिजून गेलें आणि टेकडी तेवढी उरली. तिचा अर्थ मात्र ‘खालीं’ असा झाला. नाम अव्यय झालें आणि तें अव्यय आतां पुन्हा ‘डाउन द रिव्हर’ असें दुसऱ्या नामाशीं योग पावतें. आपल्या ‘मध्यें’, ‘पाशीं’, ‘ठायीं’ या शब्दांचा इतिहास याहून फारसा निराळा नाहीं. मध्य, पार्श्व आणि ठाय हीं नामेंच त्यांच्या पोटांत आहेत.

मोडी कागद वाचणाऱ्यांस असले बुजलेले सांधे नित्याचे आहेत. पत्रारंभींचें ‘अजरख्तखाने’ हें एक पद नव्हे. ‘अज’ हें फारशी अव्यय, अर्थ ‘पासून’ किंवा ‘कडून’. ‘रख्तखाना’ हें नाम. ‘बजानेब’ यांत ‘ब’ हें अव्यय आणि ‘जानेब’ म्हणजे बाजू; ‘बरहुकूम’ यांत ‘बर’ आणि हुकूम; ‘बिलाहरकत’ यांत ‘बिला’ आणि हरकत. मराठी आपलें अव्यय नामाच्या मागें जोडते आणि या पदांत तें पुढें आहे, यावरूनच तीं परकीं आहेत हें ओळखतां येतें. ज्यास ‘अज’ सुटें करतां येतें तोच पत्र कोणाकडून निघालें व ‘ब’ सुटा करतां येतो तोच तें कोणाकडे गेलें, हें बिनचूक सांगूं शकतो. मोडीच्या बाबतींत जी दक्षता आमचे संशोधक बाळगतात ती इंग्रजी कागदाच्या बाबतींत त्यांनीं कां सोडावी ? इंग्रजी शाळेंत शिकलों म्हणून ती परिचयाची वाटते एवढेंच. शंभर-दोनशें वर्षांपूर्वींची इंग्रजी ही मोडीइतकीच सावधपणें वाचावयाची भाषा आहे.

(७)

‘विदाउट’ चा धोका वर दाखविला. त्याच जातीचीं आणखी तीन स्थळें नमुन्यादाखल देतों.

‘अगेन्स्ट’ म्हणजे ‘विरुद्ध’ हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जुन्या लेखनांत पुढें येणाऱ्या काळाची किंवा प्रसंगाची तरतूद दाखविण्यासहि हें अव्यय येतें. दारूगोळा ‘अगेन्स्ट द कमिंग ऑफ द फ्लीट’ तयार ठेवावा, असें लिहिलेलें आढळलें तर आरमारावर तोफा डागावयाच्या आहेत असें लगेच समजूं नये. आरमार येईल त्या वेळेपूर्वीं तयारी असावी, कदाचित् त्या आरमाराच्याच उपयोगासाठीं, असाहि अर्थ होतो. मित्राचें आरमार शत्रूचें ठरविण्यास येथें एक अव्यय पुरतें.

‘ओव्हर अगेन्स्ट’ हें जोड-अव्यय ‘समोर’ या अर्थीं येतें. त्यांत ‘वर’ हि नाहीं आणि ‘विरुद्ध’ हि नाहीं. बेट किल्ल्याच्या ‘ओव्हर अगेन्स्ट’ आहे म्हणजे तें त्याच्या समोर आहे. दोन्ही अव्ययांचे अर्थ निरनिराळे घेऊन त्यांची बेरीज केली तर ठिकाणाचा पत्ता लागणार नाहीं.

‘आउट ऑफ हँड’ याचा आजचा रूढ अर्थ ‘आटोक्याबाहेर’ असा आहे. पण जुन्या लेखनांत तो ‘तत्काळ’, ‘हातासरशीं’ असा असतो. एखादें काम ‘आउट ऑफ हँड’ झालें असें जुन्या पत्रांत वाचून तें हाताबाहेर गेलें असें लिहिणारा भाषांतरकार, जें काम चोख झालें त्याचाच विचका झाला असें सांगतो.

या सर्वांतून निघणारा धडा एकच आहे. अव्ययाचा अर्थ त्याच्या पोटांत नसतो. तो त्याच्या योगांत असतो, आणि तो योग काळागणिक बदलतो. जुन्या इंग्रजींत ‘विथ’ याचा अर्थच ‘विरुद्ध’ असा होता व तो ‘विथस्टँड’ या धातूंत आजहि जिवंत आहे. ज्या अव्ययाचा अर्थ शत्रुत्वावरून सोबतीवर आला त्याच्यावर डोळे मिटून विश्वास कोणीं ठेवावा ?

(८)

आमच्या प्रतिपादनावर एक आक्षेप येण्यासारखा आहे व तो आम्हीच मांडतों. पाणिनीच्या संज्ञा इंग्रजीस लावणें हें मरेच्या संज्ञा मराठीस लावण्याइतकेंच अन्यायाचें नव्हे काय ? आक्षेप कांहीं अंशीं खरा आहे. कर्मप्रवचनीयाचें कार्य नामाच्या विभक्तींत दिसतें. इंग्रजी नामास विभक्ति जवळजवळ नाहींत, त्यामुळें तें कार्य दिसण्यास जागाच नाहीं. शिवाय कर्मप्रवचनीयांची यादी पाणिनीनें अर्थांसह नियत केली आहे. इंग्रजीचा अव्ययसंग्रह त्याहून मोठा असून तो वाढता आहे. म्हणून ‘ऑन’ हा कर्मप्रवचनीय आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें पद्धतीपुरतें आहे. आधीं योग पाहावा, मग संज्ञा द्यावी, हा क्रम पाणिनीचा आहे. आधीं संज्ञा द्यावी आणि योग तींत कोंबावा, हा क्रम आमच्या शाळेचा होता. पहिल्या क्रमानें इंग्रजी अधिक नीट समजतें, एवढेंच सिद्ध करावयाचें होतें. लाउथ आणि मरे यांनींहि आपल्या काळीं मोठें काम केलें. त्यांच्या व्याकरणांनीं वाक्य तपासून पाहण्याची संवय लाविली. परंतु त्यांची पुस्तकें लेखकासाठीं होतीं. आपण वाचक आहों, तेंहि परक्यांच्या जुन्या कागदांचे. लिहिणाऱ्यास अव्यय कोठें ठेवावें हें कळलें तर पुरतें. वाचणाऱ्यास तें कोणाला धरून आहे हें कळलें पाहिजे.

सबब, ज्यांच्या हातीं इंग्रजी कागद येतात त्यांस आमची विनंति एवढीच कीं, भाषांतर करतांना प्रत्येक अव्ययापाशीं क्षणभर थांबावें आणि तीन गोष्टी विचाराव्या : याचा योग धातूशीं कीं नामाशीं, नामाशीं असेल तर त्या नामास दर्शक आहे कीं नाहीं, आणि लिहिणाऱ्याच्या काळीं याचा अर्थ काय होता. तिन्हींचें उत्तर निश्चित नसेल तर मूळ पदें देवनागरींत टीपेंत उतरून ठेवावीं, म्हणजे मागून येणाऱ्यास तपासावयास सांपडतील.

आमच्या स्नेह्यांनीं तें भाषांतर आतां सुधारून ठेविलें आहे. जुनी टीप त्यांनीं फाडून टाकली नाहीं. तिच्यावर एक रेघ ओढून शेजारीं ‘तटाबाहेरील गांवें’ एवढेच दोन शब्द लिहिले आहेत. आम्हांस तें योग्य वाटलें. चूक दिसत राहिली म्हणजे तिचा उपयोग होतो. आमच्या तांबड्या शाईची चूक मात्र कोणास दिसत नव्हती, म्हणून ती येथें नोंदविली आहे.